सेफ्टी व्हॉल्व्ह रॅकवरच बिघडतो

कोकणातल्या एका केमिकल कारखान्याचं स्टोअर माझ्याकडे आहे, त्याआधी तिथेच फिटर होतो. नवीन पोरं सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की आपोआप उघडून तो सोडणारा, गेट व्हॉल्व्हच्या, म्हणजे लाइन उघडबंद करायच्या साध्या व्हॉल्व्हच्या, रांगेत आडवा टाकून मोकळी होतात. दिसायला दोन्ही लोखंडच. पण गेट व्हॉल्व्ह गळला तर लगेच कळतं. सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेला उघडणार नाही, हे मात्र ती वेळ आल्याशिवाय कळत नाही.

आधी सीट समजून घ्या. आत नोझल (दाब येतो ते तोंड) आणि डिस्क (त्यावरचं झाकण) यांचे दोन पृष्ठभाग लॅपिंग करून, म्हणजे बारीक पेस्टने घासून, एकमेकांवर बसवलेले असतात. त्यांचा सपाटपणा हेलियमच्या दिव्याखाली पट्ट्या मोजून बघतात. एक पट्टी म्हणजे सुमारे ०.२९ मायक्रॉन, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एवढ्या बारीक कामावर वाळूचा एक कण गेला की टेस्ट बेंचवर सेट प्रेशरच्या (ज्या दाबाला व्हॉल्व्ह उघडायचा, त्याच्या) ९० टक्क्यांनाच बुडबुडे दिसायला लागतात.

म्हणून व्हॉल्व्ह आला की उभाच ठेवायचा, इनलेट खाली, आणि फळीला बोल्टने आवळायचा. आडवा पडला तर स्पिंडल (आतला दांडा) आणि गाइड (त्याला सरळ ठेवणारी नळी) एका बाजूला बसतात, पाणीही आत साठतं. दोन्ही फ्लँजवरची (पाइपला बोल्टने जोडायच्या कडांवरची) झाकणं बसवायच्या मिनिटापर्यंत काढायची नाहीत. उचलताना बेल्ट बॉडीला घाला. लिव्हरला दोरी बांधून चेनपुलीने उचलणारे महाभाग मी पाहिलेत. लिव्हर व्हॉल्व्ह हाताने उघडून बघायला असतो, ते हँडल नव्हे. टेम्पोतून टेस्टिंगला पाठवतानाही उभाच, खाली रबर टाकून. बेंचवर पास झालेला व्हॉल्व्ह घाटातल्या खड्ड्यांतून आडवा लोळत आला, तर हातातल्या सर्टिफिकेटला काही अर्थ उरत नाही.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, वर ॲसिडची वाफ. स्टोअरची खोली वेगळी, बंद आणि ड्रमच्या शेडपासून लांब हवी. स्प्रिंगवर तांबूस डाग दिसला तरी व्हॉल्व्ह बाजूला काढा. रबरी सीटचे व्हॉल्व्ह वेल्डिंगच्या जागेपासून आणि चालत्या मोटारींपासून दूर ठेवा, तिथल्या ओझोनने रबर तडकतं. आणि कुंभारीण माशी! बॉनेटच्या, म्हणजे स्प्रिंगवरच्या टोपीच्या, उघड्या भोकात ती मजेत मातीचं घर बांधते. बेलोजच्या (आत धातूची घडीची नळी असलेल्या) व्हॉल्व्हला ते भोक चालू असताना उघडंच लागतं. म्हणून रॅकवर प्लग लावून ठेवायचा, पण त्याला लाल चिठ्ठी बांधायची: ‘बसवताना काढा’. हायड्रोटेस्टसाठी, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीसाठी, व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून लावलेल्या गॅगलाही (दाबून धरणाऱ्या स्क्रूलाही) तशीच चिठ्ठी. ऑक्सिजन लाइनचा व्हॉल्व्ह त्याच्या सीलबंद पिशवीतून बाहेर काढायचाच नाही. तेलकट हात लागला तरी तो पुन्हा साफ करून आणावा लागतो.

रप्चर डिस्क, म्हणजे ठरलेल्या दाबाला फुटून वाट मोकळी करणारा पातळ पत्रा, तिचं दुखणं आणखी नाजूक. नुकताच लाटलेला पापड उचलतो तशी ती फक्त कडेने धरायची. घुमटाला नख लावायचं नाही, कॉटन वेस्टने पुसायचं तर मुळीच नाही. ओरखडा किंवा पोचा दिसला की डिस्क बाद. ‘चालवून घेऊ’ म्हणणाऱ्याला सरळ परत पाठवा. एकदा आवळून उघडलेली डिस्कसुद्धा पुन्हा वापरायची नाही.

डिस्क मूळ पेटीत ठेवा, टॅगसकट. टॅगवर दाबाबरोबर तापमानही लिहिलेलं असतं, कारण गरम झाल्यावर तोच पत्रा कमी दाबाला फुटतो. एका लॉटमधल्या किमान दोन डिस्क कारखान्यात फोडून बघितलेल्या असतात. लॉट नंबर हरवला की हातात नुसता पत्रा राहतो. दोन पेट्या एका वेळी उघडू नका: त्याच मापाची १० के.जी.ची आणि ४ के.जी.ची (दर चौरस सेंटिमीटरला इतक्या किलोच्या दाबाची) डिस्क शेजारी ठेवली तर नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. बाण कुठल्या दिशेला आहे तेही फिटरला दाखवून द्या. रिव्हर्स डिस्क (जिचा घुमट दाबाच्या बाजूला असतो ती) उलटी बसली तर लिहिलेल्या दाबाच्या कितीतरी वर जाऊनही न फुटण्याची भीती असते.

बॉयलरच्या व्हॉल्व्हबरोबर फॉर्म ३-सी, म्हणजे तो बनवल्याचं आणि तपासल्याचं सर्टिफिकेट, येतो. तो फाइलला लावा, झेरॉक्स पेटीत ठेवा. वर्षाहून जास्त पडून राहिलेला व्हॉल्व्ह मी बेंचवर टेस्ट झाल्याशिवाय देत नाही, मग शटडाऊनवाले (प्लँट बंद ठेवून दुरुस्ती करणारे) कितीही ओरडोत. पुराच्या पाण्यात बुडालेला तर पूर्ण खोलल्याशिवाय नाहीच. सेटिंगला कोणी हात लावू नये म्हणून बांधलेली सीलची तार तुटलेली असेल तर कोणी तोडली ही चौकशी नंतर; आधी टेस्ट.

देताना नेमप्लेट आणि मागणीची चिठ्ठी शेजारी धरून टॅग नंबर, सेट प्रेशर, माप मोठ्याने वाचायचं, फिटरने ऐकून सही करायची. व्हॉल्व्ह बसला की फ्लँजची दोन्ही प्लॅस्टिकची झाकणं, आणि असेल तर प्लग नि गॅग, स्टोअरला परत. ती माझ्या टेबलावर येईपर्यंत मी पावती बंद करत नाही. परत न आलेलं झाकण बहुतेक वेळा कचऱ्यात असतं, पण एखादं फ्लँजच्या मध्येही राहिलेलं असू शकतं.