निरोपाच्या कार्यक्रमाचा लाइव्ह अल्बम: सिंथ-पॉप बँडचं रेकॉर्डिंग कसं करावं

'जपान' या इंग्लिश बँडचा 'ऑइल ऑन कॅनव्हास' हा दुहेरी लाइव्ह अल्बम जून १९८३ मध्ये आला, तोवर बँड मोडला होता. मैफल मुद्रित झाली नोव्हेंबर १९८२ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये. शेवटचा कार्यक्रम मात्र डिसेंबरात नागोयाला झाला. तुम्हीही एकट्या शेवटच्या रात्रीवर विसंबू नका, आधीचे दोन कार्यक्रम मुद्रित करून ठेवा. निरोपाच्या रात्री गळा दाटतो, सूर हलतो. गाणी क्लिकवर (वादकांच्या कानात वाजणाऱ्या ठरावीक ठेक्यावर) असतील तर बिघडलेल्या ओळीच्या जागी आदल्या रात्रीची ओळ सहज बसते. मात्र दाटलेला प्रत्येक गळा दुरुस्त करायला जाऊ नका.

हॉलच्या मिक्सरवरून तयार स्टिरिओ घेतलं तर फसाल. छोट्या हॉलमध्ये ड्रम स्टेजवरूनच पुरेसे ऐकू येतात, म्हणून मिक्सरवर ते कमी ठेवलेले असतात. रेकॉर्डिंगमध्ये मग नुसता गायकाचा आवाज आणि सिंथ (सिंथेसायझर) उरतो. प्रत्येक चॅनल फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) आणि ईक्यू (खर्ज-तार कमी-जास्त करणारं नियंत्रण) यांच्या आधीच स्वतंत्र ट्रॅकवर घ्या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ३२ ट्रॅकना तासाला साधारण १७ जीबी लागतात. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावरही रेकॉर्डिंग चालू ठेवा. साउंड चेकला सगळे हात राखून वाजवतात, तेव्हा रेकॉर्डरच्या मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे १८ डेसिबलच्या (शून्य म्हणजे कमाल मर्यादा) आसपास ठेवा.

प्रत्येक स्टिरिओ सिंथला दोन डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डब्या) लागतात. गुणगुण आली तर आधी डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (केबलची ग्राउंड जोडणी तोडणारं) बटण दाबून बघा. लॅपटॉपच्या चार्जरमुळे ती हमखास येते. चार्जरची अर्थिंग पिन मात्र कधीही काढू नका, शॉक बसतो. कीबोर्डचं मिडीही (कोणती पट्टी कधी, किती जोरात दाबली याची नोंद) मुद्रित करा: चुकीचा पॅच (सिंथमध्ये साठवलेला आवाज) लागला तरी वादकाचे तेच हात नंतर बरोबर आवाजात ऐकवता येतात.

खरी मेहनत घ्यायची ती हॉलच्या माइकांवर. सिंथ थेट वायरीतून येतो, त्यात हवा नसते. नुसत्या डीआयवर मिक्स केलं तर मैफल बंद खोलीतली वाटते. किमान चार माइक लावा: दोन स्टेजच्या कडेला लोकांकडे तोंड करून, दोन हॉलच्या मागे. मागचे माइक स्पीकरपासून २० मीटरवर असतील तर त्यांच्यात आवाज सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि स्नेअर ड्रम दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो. मिक्समध्ये ते ट्रॅक तेवढेच आधी सुरू होतील असे सरकवा, १२० हर्ट्झखालचा खर्जाचा भाग कापा. याच माइकांवर कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबून हळू आवाज वर आणणारं साधन) जोरात लावला की हळव्या जागी कुणाचा तरी खोकला गायकापेक्षा मोठा होतो.

हा धोका उदास गाण्यांतच जास्त. जपानचं 'घोस्ट्स' घ्या: ड्रमचा ठेका जवळपास नाहीच, दोन सुरांमधल्या शांततेवर गाणं उभं आहे. अशा गाण्यात टाळ्यांचे माइक पूर्ण बंद करू नका, हॉलचा श्वास तुटल्याचं लगेच कळतं. चार-पाच डेसिबल खाली आणा, बस.

शेवटचं गाणं संपलं की रेकॉर्डर निदान दहा मिनिटं चालू राहू द्या. घाईत बटण दाबलं तर लोकांनी स्वतःहून पुन्हा धरलेली ओळ हातची जाते. शेवटच्या टाळ्या पाच सेकंदांत उडवू नका, अर्धा मिनिट घेऊन विरवा. 'ऑइल ऑन कॅनव्हास' 'टेंपल ऑफ डॉन' या स्टुडिओत केलेल्या वाद्यरचनेवर संपतो. तशी रचना जोडायची असेल, तर तिचा पहिला सूर टाळ्या विरत असतानाच सुरू करा.