शिक्षणाच्या आराखड्यासाठी गावाचे मत घेताना या चुका टाळा

देशाच्या शिक्षणाचा पुढचा आराखडा ठरवताना समाजातील सर्व घटकांची मते घ्यावीत, याविषयी आता कोणाचा वाद उरलेला नाही, आणि वाद नसल्यामुळेच ते काम उरकून टाकण्याची सवय लागली आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 तयार होताना 2.5 लाख ग्रामपंचायती, 6,600 तालुका गट, 6,000 नागरी स्थानिक स्वराज्य संस्था आणि 676 जिल्ह्यांतून 2 लाखांहून अधिक सूचना आल्याचे शासनाने सांगितले. आकडा मोठा आहे; पण सरासरी काढली तर दर ग्रामपंचायतीमागे एक सूचनाही भरत नाही. विदर्भातील गावांत मत घेण्याची ही कामे मी जवळून पाहत आलो आहे आणि त्याच त्या चुका पाहून आता कंटाळलो आहे.

पहिली चूक वेळेची. या धोरणाचा मसुदा 31 मे 2019 रोजी सादर झाला. सुमारे 480 पानांचा हा मसुदा इंग्रजी आणि हिंदीत होता आणि सूचनांची मुदत आधी 30 जूनपर्यंत होती. ती पुढे 31 जुलैपर्यंत वाढवण्यात आली. जूनमध्ये आमच्याकडे पेरणीची धांदल असते आणि विदर्भातील शाळाच मुळी महिन्याच्या अखेरीस उघडतात. मत द्यायला माणूस रिकामा नव्हता आणि मसुदा समजावून सांगायला गुरुजीही गावात नव्हते. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, मोहफुले आणि तेंदूपाने यांचा हंगाम पाहावा. सकाळी अकराची बैठक म्हणजे मजुरी बुडवण्याचे निमंत्रण असते. त्या वेळी सरपंच, पोलीस पाटील आणि मुख्याध्यापक एवढेच लोक येतात आणि त्यांचे मत आपल्याला आधीच ठाऊक असते.

त्याहून महागात पडणारी चूक प्रश्नातच असते. यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात व्यवसाय शिक्षणावर मते घ्यायला काही तरुण मंडळी आली होती. हातात टॅब होते आणि पहिलाच प्रश्न होता, “सहावीपासून व्यवसाय शिक्षण द्यावे, या मताशी आपण सहमत आहात का?” सहावी ते आठवीच्या काळात मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूला ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे काम शिकावे, असे धोरणात म्हटले आहे, हे कोणीही सांगितले नाही. ग्रामपंचायतीत जमलेल्या सर्वांनी “हो” म्हटले, टॅबवर खुणा झाल्या आणि मंडळी पुढच्या गावाची घाई करू लागली. संध्याकाळी मी गावाबाहेरच्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर गेलो आणि तीच तरतूद साध्या शब्दांत सांगितली. एक बाई म्हणाल्या, “बकऱ्या चारनं तं माह्या पोराले येतेच. शाळेत धाडतो ते सुटाव म्हून. आता शाळाच त्याले हातकामाले लावते, तं त्यानं शिकाव काहून?” त्यांच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचे म्हणणे नेमके उलट होते: बांबूच्या टोपल्या विणायला शाळेत जरूर शिकवा, मात्र शिकवणारा पोडावरचा असावा आणि त्याला मास्तरासारखा पगार मिळावा. ही दोन्ही म्हणणी मी लिहून त्या मंडळींकडे दिली. काही महिन्यांनी अहवाल आला, त्यात गावाच्या नावापुढे एकच ओळ होती: “ग्रामस्थांनी व्यवसाय शिक्षणाचे स्वागत केले.”

“सहमत आहात का” हा प्रश्न मी कधीच विचारत नाही. मागच्या वर्षी मूल कधी आणि कशासाठी घरी राहिले, शाळेत कोणती भाषा त्याला कळली नाही, आठवीनंतर मुलगी कुठे गेली, असे विचारतो, मग तरतूद सांगतो आणि गप्प बसतो. नवख्या माणसाला ही शांतता सोसत नाही. तो स्वतःच उत्तर सुचवू लागतो. बोलणे मी बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहितो, विरोधी मत वेगळ्या पानावर ठेवतो आणि निघण्यापूर्वी सगळे मोठ्याने वाचून दाखवतो. मोबाइलवर आवाज नोंदवून अॅपकडून मजकूर उतरवून घेण्याचा आडमार्ग हल्ली फार बोकाळला आहे. त्यातून वऱ्हाडी बोलणे धडपणे उतरत नाही, मग गोंडी, कोरकू किंवा कोलामीचे काय होणार?

अशिक्षित माणसाला धोरण काय कळणार, असा शेरा अजूनही ऐकू येतो. 1882 मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले, त्याचा आधार शेतकऱ्याच्या घरातला हिशेबच होता: सरकारचा महसूल कष्टकऱ्यांकडून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला मिळतो. त्यावरून त्यांनी बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले. रोजच्या अनुभवातून एवढ्या उंचीचे धोरण मांडता येते.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीचे मत म्हणजे पालकांचे मत असे धरू नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, पण बैठकीत बाईच्या जागी नवरा बोलतो, म्हणून बायकांशी वेगळे बसावे. ऑनलाइन फॉर्मने तांड्यावरचे मत मिळत नाही. शाळा सोडलेल्या मुलांना वगळू नये. दर वेळी त्याच “प्रतिनिधी”ला बोलावू नये, मग तो कितीही चांगला बोलत असो.

आणि अहवाल गावात परत न आणणे ही चूक तर जवळजवळ सगळेच करतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात; त्यांपैकी हंगामाशी न भिडणारी एक निवडून, कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाकारली आणि का नाकारली, हे तिथे वाचून दाखवावे. तेवढे केले नसेल, तर त्याच गावात पुढच्या मसुद्याची प्रश्नावली घेऊन जाऊ नये.