कृतज्ञतेची वही महिन्याभरात कोरी का पडते

साधी वही घ्या. मोबाईलवरही लिहिता येतं, पण तिथे मेसेज दिसला की नोंद राहून जाते. झोपण्याआधी दहा मिनिटं काढा, दिवसातल्या तीन बऱ्या गोष्टी लिहा आणि प्रत्येकीखाली ‘हे का घडलं?’ याचं एक-दोन वाक्यांत उत्तर द्या. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच पद्धत वापरली होती. तेव्हा लोकांना ती एकच आठवडा करायला सांगितली होती. सहा महिन्यांनीही फरक जाणवला तो मुख्यतः ज्यांनी ती पुढे आपणहून चालू ठेवली त्यांना.

बहुतेक जण ‘का’ गाळतात आणि तिथेच वही फसते. ‘मैत्रिणीचा फोन आला’ एवढंच लिहिलं तर ती नुसती हजेरी झाली. ‘माझी मुलाखत आज आहे हे तिच्या लक्षात होतं, म्हणून तिने कामातून वेळ काढला’ असं लिहिलं, की त्यामागचं माणूस दिसतं. ‘घर, तब्येत, नोकरी’ ही यादी दोनदा आली तर समजा, हात लिहितोय आणि मन दुसरीकडे आहे.

अशा वेळी रोजचं लिहिणं थांबवून आठवड्यातून एकदाच लिहा. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या एका प्रयोगातही दहा आठवडे, आठवड्याला एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी असाच बेत होता. तरीही कोरडं वाटलं तर वजाबाकी करा: एखादी चांगली गोष्ट घडलीच नसती तर आज काय वेगळं असतं, ते पाच-सहा ओळींत लिहा. सवयीने दिसेनासं झालेलं पुन्हा नजरेत आणायला हा उपाय मोजण्यापेक्षा बरा.

‘लोकांचं याहून वाईट चाललंय’ हे वाक्य मात्र वहीत नको. त्यातून अपराधीपणा येतो, कृतज्ञता नाही. ज्याने त्रास दिला त्याचे ‘शिकवल्याबद्दल’ आभार मानायचीही काही गरज नाही.

दुःखासाठी वेगळे कागद ठेवा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली मांडलेल्या पद्धतीत सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल न थांबता लिहायचं असतं. शुद्धलेखन बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, हवं तर नंतर फाडायचं. लिहून झाल्यावर काही वेळ उदास वाटतं. ते अपेक्षित आहे, म्हणूनच हे झोपण्यापूर्वी करू नका. घाव अगदी ताजा असेल तर काही आठवडे जाऊ द्या. लिहिताना श्वास कोंडला, तोल सुटतोय असं वाटलं, तर पेन खाली ठेवा. झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी, त्याच क्षणी कोणाला तरी सांगा.

एखाद्याचे आभार मानायचे राहून गेले असतील तर पानभर पत्र लिहा: त्याने नेमकं काय केलं, त्याने तुमचं काय बदललं. शक्य तर समोर बसून वाचून दाखवा. सेलिगमन यांच्याच अभ्यासात याचा परिणाम सुरुवातीला सगळ्यांत मोठा दिसला, पण पुढच्या काही महिन्यांत तो ओसरला. म्हणून सगळी पत्रं एकाच आठवड्यात उरकू नका, दीड-दोन महिन्यांनी एक पुरे.