चित्रसंतेला चित्रं विकायला जाताना

बेंगळुरूच्या कुमारकृपा रोडवर, कर्नाटक चित्रकला परिषदेच्या दारात, जानेवारीतल्या एका रविवारी चित्रसंते भरते. २००३ पासून. कानडीत संते म्हणजे बाजार, आणि तो असतोही तसाच: रस्त्याच्या कडेनं देशभरातले चित्रकार आणि मधून दिवसभर माणसांची रीघ. मी कोल्हापूरची, जलरंगात निसर्गचित्रं करते. जागेसाठी अर्ज आधीच करावा लागतो, तेवढं विसरू नका. बाकी सगळं उन्हाशी आणि किमतीशी निगडित आहे.

आधी उन्हाचं. पहिल्या वर्षी धूळ बसू नये म्हणून मी सगळी चित्रं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून टांगली. अकरापर्यंत आतून वाफ धरली, कागद फुगला आणि पन्हाळ्याची दोन चित्रं गेली. महिनाभराचं काम होतं ते. तेव्हापासून चित्रं माउंट करून, म्हणजे जाड पुठ्ठ्यावर बसवून, उघडी ठेवते. प्लास्टिक फक्त गिऱ्हाइकाला बांधून देताना. फ्रेम करायचीच तर काच नको, अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक शीट लावा. प्रवासात फुटत नाही आणि वजनाला हलकं. स्टँडची पाठ उन्हाकडे करा, दुपारी ऊन फिरलं की स्टँडही फिरवा. वाऱ्यासाठी प्रत्येक चित्राला दोन चिमटे लावा आणि स्टँडच्या पायाला पाण्यानं भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या बांधा.

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं जायचं तर शुक्रवारीच निघा, म्हणजे शनिवार हाताशी राहतो. एकट्यानं जाऊ नका. माझ्यासोबत निपाणीचा भाचा असतो. मी जेवायला उठले तर तो सांभाळतो आणि कानडीही बोलतो. पण दोन शब्द तुम्हालाही यायला हवेत. ‘एष्टु?’ म्हणजे किती, आणि ‘कडिमे माडि’ म्हणजे कमी करा. हा दुसरा दिवसभर ऐकू येतो.

भाव प्रत्येक चित्राखाली ठळक लिहा. बरेचजण विचारायला संकोचतात आणि तसेच पुढे जातात. पाव इंपिरियल, म्हणजे ११ × १५ इंचाचं चित्र मी साडेतीन हजारांना देते आणि त्यात घासाघीस करत नाही. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी पोस्टकार्डाएवढी मूळ चित्रं पाचशेला ठेवते. घरात पहिल्यांदाच खरं चित्र लावणारी माणसं तिथं भेटतात, त्यांना रिकाम्या हातानं पाठवायला माझं मन होत नाही. प्रिंट मात्र मूळ चित्राशेजारी ठेवू नका, दोन्हींची किंमत जाते. आणि संध्याकाळी पाचला भाव पाडू नका. सकाळी पूर्ण पैसे दिलेला माणूस त्याच रस्त्यानं परत जात असतो.

क्यूआर कोड मोठा छापून न्या. गर्दीत नेटवर्क अडकतं, म्हणून सुटे पैसेही हवेत. चित्राच्या पाठीमागं शीर्षक, साल आणि कागदाचं नाव लिहा, आणि घेणाऱ्याला सांगा की थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका.

मोकळा वेळ मिळाला की मी तिथंच चितारत बसते. समोर रंग पसरताना दिसला की माणूस थांबतोच. उन्हात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, झटकन वाळतो, कडा कडक येतात, म्हणून पेनानं रेखाटून वर हलका रंग देते.

परतताना गाडीतच वही काढा. विकलेल्या चित्रांचा हिशेब पाच मिनिटांत होतो. न विकलेल्यांपैकी कुठल्या चित्रापुढे माणसं जास्त वेळ उभी राहिली ते आधी लिहा. माझं रंकाळ्याचं एक चित्र तीन वर्षं असंच परत येत होतं. चौथ्या वर्षी तोच विषय अर्ध्या शीटवर, म्हणजे पाव इंपिरियलच्या दुप्पट आकारात केला आणि सकाळी दहाच्या आत विकला गेला.