हेडफोनवर रेडिओ ऐकायचाय? आधी वायर सोडवा

खिशातला छोटा रेडिओ घेतला, हेडफोन लावला, तरी नुसती खरखर येते, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता रेडिओ हातात न घेताच विचारते, वायर कुठे आहे? ती बहुतेक वेळा रेडिओभोवती गुंडाळलेली असते, नाहीतर त्याच्यासोबत खिशात कोंबलेली.

रेडिओ निवडताना तीनच गोष्टी बघा: आवाजाला फिरवायचं बटण, चालताना बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून लॉक, आणि स्टिरिओ-मोनोचा खटका (स्टिरिओत दोन्ही कानांत वेगवेगळा आवाज, मोनोत एकच). बाकी दिवे-बिवे असले काय, नसले काय. सेल घाला आणि हेडफोनची पिन टक्‌ होईपर्यंत आत दाबा. एकाच कानात आवाज येत असेल तर ती अर्धवट बसली आहे.

आता वायर. माझ्या पहिल्या रेडिओशी मी जवळजवळ वर्षभर झगडले. कुणी म्हणालं, बाहेर ओढायची एरियल नाही म्हटल्यावर असंच होणार. कुणी म्हणालं, चांगला हेडफोन घ्या. घेतला. त्याची वायर लांब होती, म्हणून चार बोटांवर गुंडाळून रबरबँड लावला. गाण्यातली वाद्यं आता जास्त स्पष्ट ऐकू येत होती, पण त्यांच्यावरची खरखर वाढली होती. मग एकदा चालता चालता तो रबरबँड तुटला. गुंडाळी सुटून वायर गुडघ्यापर्यंत लोंबली आणि त्याच क्षणी स्टेशन स्वच्छ झालं. मी वायर पुन्हा मुठीत गोळा केली, खरखर आली. सोडली, गेली. तीन-चार वेळा करून पाहिलं.

कारण असं की बाहेर काढायची दांडी नसलेल्या या रेडिओंमध्ये हेडफोनची वायर हीच एफएमची एरियल असते. ज्या तारेतून आवाज कानाकडे जातो, तिच्यावरच रेडिओलहरी पकडल्या जातात आणि उलट रेडिओकडे येतात. आतल्या छोट्या कॉइलमुळे दोन्हींची गल्लत होत नाही. एफएमचा पट्टा साधारण ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे लहरींची लांबी ३ मीटरच्या आसपास. तिचा चौथा हिस्सा सुमारे ७५ सेंटिमीटर, आणि तेवढी तार मोकळी पसरलेली असली की काम चांगलं होतं. हेडफोनची वायर साधारण मीटरभर असते, म्हणजे पुरेशी लांब. गुंडाळी करून आपणच तिला निकामी करतो. गुंडाळल्याने एरियलची ताकद वाढते असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

म्हणून रेडिओ कमरेला लावा आणि वायर तिथून कानापर्यंत सरळ वर येऊ द्या, कपड्यांच्या बाहेरून. अंगाला चिकटलेली वायर चालत नाही, कारण शरीर या लहरी शोषतं आणि अडवतं. रेडिओ छातीच्या खिशात ठेवलात तर वायर उरते. ती खाली सैल लोंबू द्या. दिसायला बरं दिसत नाही, हे मान्य, पण एरियलला दुसरा इलाज नाही. ब्लूटूथ हेडफोनला तर वायरच नसते. रेडिओला वेगळी एरियल नसेल तर तो एफएमला उपयोगाचा नाही.

घरात बसून ऐकताना आणखी एक अडचण येते. भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळतात आणि खोलीत काही जागा जोरदार, काही मेलेल्या होतात. या दोन जागांमध्ये बऱ्याचदा पाऊलभराचंच अंतर असतं. स्टेशन गेलं की लोक लगेच पुन्हा शोधायला लागतात. तसं करू नका. वारंवारता तीच ठेवा आणि एक पाऊल सरका, जमल्यास खिडकीकडे.

स्टेशनं आपोआप शोधून साठवायचं काम वायर नीट पसरल्यावरच करा. आधी केलंत तर निम्मी स्टेशनं सुटतात आणि रेडिओलाच नावं ठेवली जातात.

एवढं करूनही मागे सुस्स असा आवाज उरला तर खटका मोनोवर टाका. दुबळ्या स्टेशनाला स्टिरिओत खरखर बरीच वाढते, आणि बातम्या किंवा नाटक ऐकायला स्टिरिओची गरज नसते. मी बोलण्याचे सगळे कार्यक्रम मोनोवरच ऐकते.

मीडियम वेव्हला मात्र वायरचा काही संबंध नाही. तिथे रेडिओच्या आतली फेराइट या चुंबकीय पदार्थाची काठी एरियलचं काम करते आणि तिला दिशा असते. काठीचं टोक स्टेशनाकडे झालं की आवाज अगदी कमी होतो, म्हणून रेडिओच हळूहळू फिरवून पाहा. मोबाईलचे चार्जर आणि एलईडीचे दिवे त्यापासून लांब ठेवा. स्टेशनं अर्धवट लागत असतील तर दोन स्टेशनांमधल्या अंतराचं, ९ की १० किलोहर्ट्झ, हे सेटिंग तपासा. अमेरिका खंडांत १०, बाकी जगात बहुतेक ठिकाणी ९. दूरची स्टेशनं रात्री शोधा, दिवसा ती लागत नाहीत.

आवाज कमीत कमी करून मगच हेडफोन कानाला लावा. मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत, अशी आहे. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. मापायला यंत्र नसतं, तेव्हा हातभर अंतरावरच्या माणसाचं साधं बोलणं ऐकू येतंय ना, एवढं बघा. रस्त्यावर एक कान मोकळा ठेवा, याबाबतीत मी कुणाशीच तडजोड करत नाही.

महिनाभर ऐकणार नसाल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळला की स्प्रिंगवर पांढरी पूड जमते. ती बोटाने खरवडू नका. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, कोरड्या काडीने टिपा आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला.