खाडे पडूनही व्यायाम चालू कसा ठेवावा

व्यायाम बंद पडायला आळसापेक्षा हट्ट जास्त कारणीभूत असतो. रोज पहाटे साडेपाचला उठून पाऊण तास चालायचंच, असं ठरतं. गुरुवारी पाहुणे येतात, खाडा पडतो, आणि मग 'आता सोमवारपासून नव्याने'. तो सोमवार कधी येतो ते आपल्याला ठाऊक आहे.

१. दोन मापं ठरवा. एक नेहमीचं, समजा 30 मिनिटं चालणं. दुसरं धावपळीच्या दिवसाचं: सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या किंवा दोन सूर्यनमस्कार, बस्स. एवढ्याने काय होतंय, असं वाटेल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. पूर्वी तो निदान दहा मिनिटं सलग हवा अशी अट होती, ती 2020 च्या शिफारशींत राहिली नाही. म्हणजे चार मिनिटंसुद्धा हिशेबात धरायची. (अंगात ताप असेल तर मात्र गुपचूप झोपा.)

२. वेळ घड्याळाऐवजी रोजच्या एखाद्या कामाला जोडा. 'सकाळचा चहा झाला की' किंवा 'मुलं शाळेच्या बसमध्ये चढली की'. साडेपाच एकदा हुकले की हुकले. चहा उशिरा का होईना, होतोच.

३. खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी नेहमीचंच करा, दुप्पट नको. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18, तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 पर्यंत गेला. 21 दिवसांचा मंत्र विसरा. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं.

खाण्याचंही तेच. एक वडापाव झाला म्हणून 'आजचा दिवस गेलाच' म्हणत रात्री आइस्क्रीम नको, आणि प्रायश्चित्त म्हणून उपासही नको. पुढचं जेवण रोजच्यासारखं जेवा.

४. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतो तसे व्यायामाचे मांडा. चार खाडे झाले म्हणून कुणी दूध बंद करत नाही. सलग दिवसांचा आकडा मिरवणारी ॲप मला तरी नकोशी वाटतात. आठवड्याची बेरीज पाहावी.

५. दोन आठवडे छोटंच माप चालू असेल तर मोठं माप चुकलंय. 30 ची 15 मिनिटं करा.