तोल शिकवायचाय? मग डिंक कपाटातच राहू द्या

चित्रकलेच्या पहिल्याच तासाला फळ्यावर ‘संयोजनाची तत्त्वे’ असं लिहून खाली तोल, लय, विरोध, प्रमाण, उठाव, एकसंधपणा अशी यादी उतरवून देऊ नका. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि चित्र काढायला बसली की कागदाच्या बरोबर मध्यभागी एक घर काढून मोकळी होतात. वर्गाच्या नियमांचंही तेच. पंधरा नियमांचा तक्ता भिंतीवर लावला की आठवड्याभरात तो कुणाला दिसेनासा होतो. तत्त्वं आणि शिस्त दोन्ही एकाच सरावातून शिकवता येतात, आणि त्याला काळ्या कागदाचे पाच चौकोन पुरतात.

प्रत्येकाला २० सेंमी बाजूचा पांढरा चौरस कागद आणि ७ बाय १५ सेंमीची काळी पट्टी द्या. पट्टीतून ७, ५, ३, २ आणि १ सेंमी बाजूचे चौकोन कापायचे. कात्रीचा नियम कात्री हातात देतानाच सांगायचा, आदल्या दिवशी नाही: मिटलेली, पाती आपल्या मुठीत, कात्रीची मूठ समोरच्याकडे. कापून झालं की कात्र्या मोजून परत घ्या.

आता मांडणी. सगळा तास इथेच जिंकता किंवा हरता येतो आणि मीही बराच काळ इथेच अडखळायचो.

पहिली गोष्ट, डिंक दिसतासुद्धा कामा नये. डिंक बाकावर आला की मुलं दोन मिनिटांत पाचही तुकडे चिकटवतात, ‘झालं, सर’ म्हणतात आणि मग शेजाऱ्याच्या वेणीला डिंक लागतो. वर्गातला निम्मा गोंधळ काम लवकर संपल्यामुळे होतो. मुलं वात्रट आहेत म्हणून नाही. तुकडे सुटे असले की काम संपतच नाही, कारण ते पुन्हा हलवता येतात.

दुसरी गोष्ट, ‘छान रचना करा’ असं सांगू नका. त्यातून काहीच कळत नाही. एकेक शब्द द्या: गर्दी, एकटेपणा, पडणं, शांतता, वेग. प्रत्येक शब्दाला तीन-चार मिनिटं, तेच पाच चौकोन, तोच कागद. पहिल्या शब्दाला जवळजवळ प्रत्येक कागदावर रोबो नाहीतर घर तयार होतं. ओरडू नका, कागद पाव वळण फिरवायला सांगा. रोबो आडवा झाला की त्याचा रोबोपणा जातो आणि मुलाला पहिल्यांदा नुसते चौकोन दिसतात.

मग तोलाकडे या. सारखं सारखं दोन्हीकडे ठेवणं सगळ्यांनाच जमतं, त्यात शिकवण्यासारखं फार नाही. खरा प्रश्न असा: सात सेंमीचा चौकोन डावीकडे सरकवलाय, तर उजवीकडे काय ठेवलं की कागद कलंडणार नाही? मुलं उरलेले चारही तुकडे उजवीकडे ढकलतात. तेव्हा सी-सॉ आठवायला सांगा: जड मूल मधल्या टेकूजवळ सरकतं, हलकं मूल टोकाला बसतं. एक सेंमीचा चौकोन अगदी कडेजवळ, भोवती भरपूर पांढरं ठेवून एकटा सोडला की तो आपल्या आकाराच्या मानाने कितीतरी जड वाटतो. पाचही चौकोन मिळून ८८ चौरस सेंमी भरतात आणि कागद ४०० चा आहे. म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त जागा पांढरीच राहणार. ती ‘उरलेली जागा’ आहे असं मुलांना वाटतं, आणि ही समजूत मोडायलाच वेळ लागतो. त्यासाठी काळ्याकडे न बघता पांढऱ्या भागांचे आकार हवेत बोटाने गिरवायला लावा. तपासायला दोन युक्त्या पुरेत: डोळे किलकिले करून बघणं आणि कागद उलटा करून बघणं.

या वेळी वर्गात एकच नियम चालतो आणि तो सगळ्यांत कडक: दुसऱ्याच्या कागदावर आपला हात जाणार नाही. शिक्षकाचाही नाही. ‘हे बघ, असं’ म्हणत मुलाचा तुकडा सरकवणारे शिक्षक मला मनापासून खटकतात. दाखवायचंच असेल तर आपला वेगळा कागद घ्या.

‘मुलांना रंग आवडतात, काळे चौकोन काय देताय’ असं कुणीतरी म्हणेलच. बाउहाउस या १९१९ साली सुरू झालेल्या जर्मन कलाशाळेत योसेफ आल्बर्स पायाभूत वर्गातल्या विद्यार्थ्यांना साधी वर्तमानपत्रं द्यायचे आणि त्यातून काहीतरी घडवायला सांगायचे. साधन कमी असलं की नजर कामाला लागते.

मांडणी झाल्यावर, आधी नाही, जपानी चित्रकार होकुसाईचं १८३१च्या सुमाराचं लाटेचं ते प्रसिद्ध चित्र दाखवा. डावीकडे अवाढव्य लाट, आणि तिच्याखालच्या पोकळीत लांबवर चिमुकला फुजी पर्वत. अंगठ्याने फुजी झाका, मग अंगठा बाजूला घ्या. ‘विषम तोल’ हा शब्द आता फळ्यावर लिहा.

चर्चेत ‘छान’ आणि ‘मस्त’वर बंदी. प्रत्येकाने ‘माझी नजर आधी इथे गेली’ अशी सुरुवात करायची आणि बोट दाखवायचं, कागदाला न शिवता.

आवडलेल्या मांडणीच्या कडांना पेन्सिलच्या बारीक खुणा, मग डिंक. तास संपायच्या आठ मिनिटं आधी हात थांबले पाहिजेत. आवराआवर घंटेनंतर होत नाही.

रंग पुढच्या तासाला, तोही एकच. तसाच नवा संच कापून त्यातला एक चौकोन लाल कागदाचा घ्यायचा. बहुतेक जण सगळ्यांत मोठा निवडतात. दोघा-तिघांना मुद्दाम एक सेंमीचा लाल द्या आणि बाकीच्यांना विचारा, आता कागद कुठल्या बाजूला कलतोय.